खर्रा आणि तुटलेली गुणसूत्रे

१९८० साली नागपुरात कॅन्सरची नोंदणी सुरू झाली. त्याआधी १९६३ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने देशातली पहिली लोकसंख्याधारित नोंदणी उभी केली होती. तिच्याच शाखा पुण्यात १९७२ ला, औरंगाबादेत १९७८ ला आणि मग नागपुरात निघाल्या. काम दिसायला कारकुनी होते. रुग्णालयांत जायचे, पॅथॉलॉजीचे अहवाल आणि मृत्यूच्या नोंदी चाळायच्या, प्रत्येक रुग्णाचे वय, पत्ता आणि रोगाची शरीरातली जागा लिहून घ्यायची, एकच माणूस दोनदा मोजला जाणार नाही हे पाहायचे. या नोंदींनी नागपूरबद्दल जे सांगितले ते समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही. अलीकडच्या राष्ट्रीय अहवालांत नागपूरच्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यांत वर आहे.

तोंडात कुठे, तर बहुतेकदा गालाची आतली बाजू आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत. खर्रा ठेवायची हीच जागा. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना आणि थोडे पाणी प्लास्टिकच्या पन्नीत घालून खूप वेळ घोटले की खर्रा होतो. विदर्भात तो पानठेल्यावर मिळतो, आणि पानठेला नाही असा चौक नागपुरात शोधावा लागेल. मजूर, रिक्षावाले, दुकानदार, कचेरीतले बाबू, कॉलेजातली पोरे सगळेच तो गालात धरतात. पाहुणा आला की त्याच्यापुढेही पुडी होते.

त्या खाचेतल्या पेशींत नेमके काय मोडते, हे माणसाला कळायला शंभराहून जास्त वर्षे लागली. त्या शोधात समुद्री प्राण्यांची अंडी आली, मक्याची कणसे आली, रक्ताचा कॅन्सर आला आणि भारतीय खेड्यांतल्या पान खाणाऱ्यांचे गालही आले.

१८९० मध्ये बर्लिनमध्ये डेव्हिड फॉन हान्समान हा विकृतिशास्त्रज्ञ कॅन्सरच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. निरोगी पेशी दुभंगते तेव्हा तिची गुणसूत्रे दोन्ही बाजूंना सारखी वाटली जातात. गाठींमध्ये त्याला ही वाटणी विषम दिसली. एका पिल्लू-पेशीला जास्त गुणसूत्रे, दुसरीला कमी. पुढे थिओडोर बोव्हेरी याने समुद्री साळूच्या एकाच अंड्यात दोन शुक्राणू शिरू दिले आणि गुणसूत्रांची वाटणी मुद्दाम बिघडवली. त्या अंड्यांतून निघालेली पिल्ले वेडीवाकडी झाली. प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे आहे आणि संचातले एकही कमी-जास्त झालेले पेशीला परवडत नाही, हे त्याने ताडले. १९१४ मध्ये त्याने एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्यात सरळ मांडले की बिघडलेल्या गुणसूत्रसंचाची एकच पेशी वाढत जाऊन कॅन्सरची गाठ होते. पुढच्याच वर्षी तो वारला. हातात कॅन्सरचा एकही प्रयोग नसताना केलेले हे अनुमान किती खरे होते, हे कळायला साठ वर्षे गेली. विज्ञानाच्या इतिहासात इतका लांबचा नेम क्वचितच लागला असेल.

दरम्यान मुंबईत दुसऱ्या बाजूने काम सुरू झाले होते. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने, गेल्या. त्यांच्या स्मरणातून ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास निघाला आणि १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. युरोपातल्या पाठ्यपुस्तकांत कॅन्सरच्या ज्या जागा आधी येतात त्या इथे मागे होत्या, तोंड आणि घसा पुढे होते. हा फरक रक्तात किंवा वंशात नाही, माणसे रोज काय करतात त्यात आहे, असा खानोलकरांचा रोख होता. १९४५ मध्ये बी. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी सवयींतून होणाऱ्या कॅन्सरवर आणखी एक निबंध लिहिला. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला जिथे घासते तिथे होणारा कॅन्सर त्यात होता, आणि खैनी ओठाआड जिथे धरली जाते तिथला कॅन्सरही होता. खानोलकरांनी गुणसूत्रे पाहिली नव्हती, आणि त्या काळी त्यांना ती नीट दिसलीही नसती. पण रोगाची जागा सवय ठरवते, हे त्यांनी इतक्या स्पष्टपणे दाखवले की पुढच्या सगळ्या संशोधनाला तोच पाया मिळाला. मराठी वाचकाला हे नाव माहीत नसते, याचे वाईट वाटते.

खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी झालेल्या कमल रणदिवे यांची गोष्ट या विषयाच्या अगदी जवळची आहे. पुण्यात प्राध्यापक दिनकर समर्थ यांच्या घरी जन्मलेल्या कमलताईंनी पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात एमएस्सीसाठी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रे अभ्यासली होती. लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि गुणसूत्रांकडून कॅन्सरकडे वळल्या. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गाठीतून काढलेल्या हेला पेशी १९५१ मध्ये तिथेच बाटलीत वाढू लागल्या. माणसाच्या निरोगी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. हेला पेशींत सत्तर-ऐंशी सापडतात आणि त्यांतली कित्येक तुटून भलत्याच जागी जोडलेली. परत आल्यावर रणदिव्यांनी मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. भारतीय कॅन्सर पेशी इथेच, आपल्या बाटल्यांत वाढवून तपासता येऊ लागल्या.

४६ हा आकडासुद्धा तसा ताजा. १९२३ पासून तीसेक वर्षे जग माणसाची गुणसूत्रे ४८ मानत होते. १९५६ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ती नीट पसरवून मोजली आणि ४६ वर शिक्कामोर्तब झाले. मोजता आल्यावर फरकही दिसू लागले. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या रक्तात एक लहानसे, कापल्यासारखे गुणसूत्र पुन्हा पुन्हा दिसले. तुटलेला तुकडा गेला कुठे, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये सांगितले. पट्टे रंगवून काढलेल्या छायाचित्रांतली गुणसूत्रे घरच्या जेवणाच्या टेबलावर कापून, शेजारी शेजारी ठेवून त्यांनी जुळवली. २२ व्या गुणसूत्राचा तुकडा ९ व्याला आणि ९ व्याचा २२ व्याला चिकटलेला होता. त्या सांध्यावर दोन वेगवेगळ्या जनुकांचे अर्धे अर्धे भाग जोडले जाऊन एक नवीच प्रथिन-आज्ञा तयार होते, पेशीला सतत वाढायला सांगणारी. बोव्हेरीने साठ वर्षांपूर्वी ताडले होते ते आता एका रोगापुरते का होईना, बोट ठेवून दाखवता येत होते.

गालातल्या कॅन्सरमध्ये मात्र असा एकच नेमका सांधा सापडत नव्हता. इथे तुटण्याचे कारण समोर होते, तुटलेले काय हे धूसर होते.

१९५३ मध्ये मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी तोंडाच्या एका विकाराचे वर्णन केले. टाळू आणि गालाचे अस्तर पांढुरके, ताठ होत जाते, आत तंतूंचे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासे होते. आज त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. विदर्भातल्या दंतवैद्यांकडे या विकाराचा रुग्ण रोज येतो. तिखट लागले की आग होते, पुरीचा घास मावत नाही, अशी त्याची तक्रार असते. हा विकार पुढे कॅन्सरकडे जातो का, हे पाहायला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता यांचा दंत-संशोधन गट डेन्मार्कच्या येन्स पिंडबोर्ग यांच्यासोबत वर्षानुवर्षे खेड्यांत फिरला. महाराष्ट्रात त्यांनी एक लाखाहून जास्त खेडुतांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. केरळातल्या एर्नाकुलममध्ये त्यांनी फायब्रोसिसच्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षे नजर ठेवली. त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना कॅन्सर झाला. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या व्ही. के. हजारे यांनी आर. आर. गोयल आणि प्रकाश गुप्ता यांच्यासोबत १९९८ मध्ये केलेल्या तुलनात्मक अभ्यासात या विकाराचा धागा सुपारी आणि पान मसाल्याशी जुळला. लोक तंबाखूला घाबरतात आणि सुपारीला निरुपद्रवी मानतात. ओटीत भरायची, पूजेत गणपती म्हणून मांडायची वस्तू घातक असेल हे मनाला पटत नाही. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ च्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकले, तंबाखू असो वा नसो.

खर्ऱ्याचे तिन्ही घटक एकमेकांना साथ देतात. चुन्यामुळे तोंडातला ओलावा अल्कधर्मी होतो. अशा ओलाव्यात सुपारीतली तुरट द्रव्ये झपाट्याने ऑक्सिडाइज होतात आणि त्यातून ऑक्सिजनचे अतिक्रियाशील कण सुटतात. ते कण डीएनएचे धागे तोडतात. सुपारीतले अ‍ॅरेकोलिन आणि त्यापासून बनणारी नायट्रोसामाइन्स पेशीला आणखी इजा करतात. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स डीएनएला चिकटून त्याची प्रत काढताना चुका घडवतात. सुपारीतले तांबे कोलॅजेनचे तंतू घट्ट बांधणाऱ्या विकराला चेतवते, म्हणून तोंड आखडते. दिवसातून दहा-पंधरा वेळा हा लगदा एकाच खाचेत तासन्‌तास राहिला तर तिथल्या पेशींना दुरुस्तीला उसंत मिळत नाही. तुटलेली टोके पेशी फार वेळ मोकळी ठेवत नाही; जवळ जे टोक सापडेल त्याला ती जोडून टाकते. बरोबर जोडले तर निभावले. चुकले तर त्या चुकीच्या प्रती पुढच्या प्रत्येक पेशीत जातात.

ही मोडतोड जिवंत माणसाच्या गालात मोजता येते, हे दाखवले व्हँकुव्हरच्या हान्स स्टिच यांनी. कल्पना साधी होती. गालाचे अस्तर खालच्या थरातून सतत नवे होत असते. खालच्या थरात गुणसूत्र तुटले आणि त्याचा तुकडा विभाजनात मागे राहिला, तर तो मुख्य केंद्रकात न शिरता शेजारी स्वतःचे चिमुकले केंद्रक करून बसतो. एक ते तीन आठवड्यांत ती पेशी पृष्ठभागावर येते. लाकडी पट्टीने गाल हलकेच खरवडायचा, काचेवर पसरायचे, रंगवायचे आणि अशी सूक्ष्मकेंद्रके मोजायची. सुई नाही, वेदना नाही. १९८२ मध्ये स्टिच यांनी ओडिशातल्या डॉक्टर परिदांसोबत विडा खाणाऱ्यांच्या गालांत ती वाढलेली असल्याचे छापले. १९९१ मध्ये अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर संस्थेतल्या दवे, त्रिवेदी आणि अध्वर्यू यांनी पान मसाला खाणाऱ्यांच्या रक्तपेशींत तुटकी गुणसूत्रे आणि गालात सूक्ष्मकेंद्रके दाखवली. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. व्ही. भिडे यांचा गट याच काळात मशेरीच्या जनुकघातकतेवर काम करत होता. ओडिशात आणि अहमदाबादेत तपासलेले हे लोक कॅन्सरचे रुग्ण नव्हते. त्यांतले बहुतेक धडधाकट, कामावर जाणारे लोक होते. गाठ दिसायच्या कितीतरी वर्षे आधी त्यांच्या गालात गुणसूत्रे तुटत होती.

त्या वेळी सूक्ष्मकेंद्रक हे फक्त नुकसानीचे माप मानले जात असे. तीस वर्षांनी कळले की ते स्वतःच नुकसानीचे ठिकाण आहे. २०११ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये पीटर कॅम्पबेल यांच्या गटाने काही कॅन्सरांत एक विलक्षण प्रकार पाहिला. एखाद्या गुणसूत्राचे एकाच घटनेत दहा-वीस, कधी शेकडो तुकडे झालेले, आणि ते भलत्याच क्रमाने जोडलेले. पोथीचा दोरा तुटून पाने उधळावीत आणि कुणी हाताला येतील तशी, काही उलटी, काही गाळून, पुन्हा बांधावीत, तसे. या प्रकाराला त्यांनी क्रोमोथ्रिप्सिस म्हटले. तेव्हाच्या अंदाजाने सगळ्या कॅन्सरांत दोन-तीन टक्के. पुढच्या मोजण्यांत हे प्रमाण बरेच जास्त निघाले. २०१२ मध्ये, आणि मग २०१५ मध्ये, बोस्टनच्या डेव्हिड पेलमन यांच्या प्रयोगशाळेने हे घडते कुठे ते दाखवले. सूक्ष्मकेंद्रकाचे आवरण दुबळे असते, ते फाटते, आत अडकलेल्या गुणसूत्राची प्रत नीट निघत नाही आणि त्याचे तुकडे होतात. मग पुढच्या विभाजनात ते तुकडे मुख्य केंद्रकात परत येऊन कसेही सांधले जातात. ओडिशाच्या आणि गुजरातच्या गालांतून खरवडलेल्या त्या ठिपक्यांकडे यानंतर वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

तोंडाच्या कॅन्सरमधली दुसरी मोडतोड मक्याने समजावली. १९३८ ते १९४१ च्या दरम्यान अमेरिकेत मिझुरीला बार्बरा मॅक्लिंटॉक क्ष-किरणांनी तुटलेली मक्याची गुणसूत्रे बघत होत्या. टोक गमावलेल्या गुणसूत्राच्या दोन प्रती एकमेकींना चिकटतात. पेशी दुभंगताना त्या जोडगोळीला दोन्हीकडून ओढ बसते, मधे पूल तयार होतो आणि तो कुठेतरी तुटतो. पुन्हा उघडी टोके, पुन्हा चिकटणे, पुन्हा पूल. दर फेरीत एका पेशीला काही भाग दुप्पट मिळतो आणि दुसरीला मिळतच नाही. साठ वर्षांनी, २००० मध्ये, पिट्सबर्गच्या सुझान गॉलिन यांच्या गटाने तोंडाच्या कॅन्सरपेशींत ११ व्या गुणसूत्रावर नेमक्या याच फेऱ्यांच्या खुणा शोधल्या. त्या भागात पेशीला विभाजनाकडे ढकलणारे सायक्लिन डी-१ चे जनुक आहे; फेऱ्यांमागून फेऱ्या होत त्याच्या प्रती वाढत जातात. दुसरीकडे ९ व्या, ३ ऱ्या आणि १७ व्या गुणसूत्रांचे लगाम घालणारे भाग गळतात. १७ व्यावरचे टीपी-५३ जनुक हे तुटलेल्या पेशीला थांबवणारे. ते गेले की मोडक्या गुणसूत्रांसकट पेशी दुभंगतच राहते.

२०१३ मध्ये कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि नवी मुंबईतले टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक यांनी गाल-हिरडीच्या कॅन्सरचा भारतीय नकाशा प्रसिद्ध केला. आधी ५० आणि मग पडताळणीसाठी आणखी ६० रुग्णांच्या गाठींतली जनुके वाचली गेली. टीपी-५३ होतेच, शिवाय यूएसपी-९-एक्स, एआरआयडी-२ अशी या कॅन्सरमध्ये आधी न सापडलेली काही नावे आली. आपल्या सवयीतून होणाऱ्या रोगाचा अभ्यास आपल्या माणसांनी, आपल्या रुग्णांवर केला, याचे मोल मला मोठे वाटते.

त्याच वर्षी १ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई यांनी नोव्हार्टिस कंपनीची ग्लिव्हेकच्या पेटंटसाठीची मागणी फेटाळली. राउलींनी जुळवलेल्या ९-२२ च्या सांध्यातून निघणाऱ्या प्रथिनाला अडवणारी ही गोळी. २००१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली आणि जीवघेणा ल्युकेमिया रोज गोळी घेऊन जगता येणारा आजार झाला. मूळ गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हा लढा दिला आणि निकालाने स्वस्त गोळी टिकली.

नागपूरच्या गालातल्या कॅन्सरला अशी गोळी मिळालेली नाही, आणि लवकर मिळेल असे मला वाटत नाही. तिथे एक सांधा होता, इथे प्रत्येक रुग्णात वेगळ्या जागी शेकडो मोडतोडी आहेत. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे आहेत, आणि पहिल्या टप्प्यात रुग्ण आला तर तो बरा होण्याची शक्यता बरीच मोठी असते. पण आपल्याकडे निम्मा जबडा गेल्यावर माणूस येतो. म्हणून या रोगात खरे काम गुणसूत्र तुटण्याआधीचे आहे. सरकारने ते ओळखले नाही असे नाही. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली आणि २०१३ च्या आदेशात सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी यांच्यासोबत खर्ऱ्याचेही नाव घातले गेले. आदेश कागदावर आहे आणि खर्रा ठेल्यावर आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले. गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने चाललेले मुक्तिपथ अभियान गावोगाव दारू आणि तंबाखूविरुद्ध लोकांना उभे करते आहे. नागपूर शहरात, जिथे तीन-तीन मोठी कॅन्सर उपचार केंद्रे आहेत, तसे काम वस्ती-वस्तीत का होत नाही, हा प्रश्न आपण लोकप्रतिनिधींना विचारला पाहिजे. त्या रुग्णालयांतले एक राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने आहे. आयुष्यभर व्यसनांविरुद्ध खंजिरी वाजवत फिरलेले महाराज १९६८ मध्ये कॅन्सरनेच गेले.

घरात कुणी खर्रा खात असेल तर आज त्याला आरशासमोर उभे करा. स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, पाहायला सांगा. गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरलेला फोड असेल, तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर शासकीय दंत महाविद्यालयात नेऊन दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते दुखत नाही. आणि सोडायचे आहे पण सुटत नाही, अशांसाठी तंबाखू सोडवण्याची राष्ट्रीय टोल फ्री सेवा आहे: १८००-११-२३५६.